गुऱ्हाळातला अर्धा र

मगदूमांच्या अडतीत गुळाची पावती छापली
की 'गुऱ्हाळ' मधला अर्धा र
उडी मारून ह च्या डोक्यावर बसायचा.
बाळगोंडा दिवाणजी चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे,
"पोरी, ह्याला कुणी वर चढवलंय?
ह च्या बगलेत आडवा निजतो की तो."
आणि बॉलपेननं रफार खोडून
पापणीएवढी रेघ काढायचे, प्रत्येक पावतीवर.
हंगामात दिवसाला तीनशे पावत्या.

छापणारा प्रोग्राम फुकटचा, सगळ्या जगाचा.
दारावर पाटी: कुणीही या, हातभार लावा.
राजारामपुरीत, सातव्या गल्लीतल्या वरच्या खोलीत
तीन रात्री मी त्याच्या पोटात उतरले.
चौदाशे बाराव्या ओळीखाली एक अट राहून गेली होती.
लिहिली. छापून बघितलं.
र गपगुमान आडवा झाला.

मला वाटलं, संपलं.

आधी सही कर, की ही ओळ तुझीच आहे.
केली. आता नोकरी जिथं त्या मालकाची सही आण.
मालक मीच. मग मालकाचा फॉर्म वेगळा.
मग निरोपाची पहिली ओळ पन्नास अक्षरांच्या वर गेली,
मग ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली,
रिकाम्या जागेचाही दंड असतो तिथं.
मग तपासणीचं यंत्र सतरा ठिकाणी हिरवं
आणि एका ठिकाणी लाल,
जिथं माझा र पोचतसुद्धा नाही.
"ते गेल्या वर्षापासूनच लाल आहे," कुणीतरी कळवलं,
"पण हिरवं झाल्याशिवाय घेता येत नाही."

तीन आठवड्यांनी एक सभ्य माणूस आला.
ह्याची खरंच गरज आहे का, किती लोकांना लागतं,
पुरावा देता का?

मी कऱ्हाड लिहिलं. बिऱ्हाड लिहिलं.
तऱ्हा, दऱ्या, जोतिबाच्या पायऱ्या.
बिचाऱ्या दिवाणजींचं दुखरं बोट लिहिणार होते, खोडलं.
पोखऱ्याहून एका नेपाळी माणसानं अंगठा वर केला.
बाकीचे त्या अटीला नाव काय ठेवायचं
ह्यावर दीड महिना बोलत राहिले.

आमच्याकडं ह्याला शब्द आहे, चर्चेचं गुऱ्हाळ.
तोच नेमका त्यांना छापता येत नव्हता.

त्याच दिवसांत पंपाचा बुश घेऊन उद्यमनगरात गेले.
सिकंदर मुजावरांनी पंप कुणाचा, कुठला, विचारलं नाही.
लेथवर चढवला, केसभर काढला, बोटानं फिरवून बघितला.
"फिरतंय?"
"फिरतंय."
"मग जावा आता. चाळीस द्या."

घरी आले तर त्यांचा मूळ प्रोग्राम पुढं सरकलेला,
माझी ओळ आता बसत नाही, नव्यानं बसवून आण.
आणली.
मग मध्यरात्री त्या सांभाळणाऱ्याचं उत्तर:
माफ करा, मी एकटाच आहे, पगार नाही,
लेकाला ताप आहे, रांगेत आठशे जण आहेत.
मला त्याचा राग येईना. तेच अवघड गेलं.
शिव्या घालायला निदान एखादा साहेब तरी हवा होता.

पुढं साठ दिवस कुणी बोललं नाही
म्हणून एका यंत्रानं दार लावून घेतलं,
माझ्या वेळेबद्दल आभार मानून.

आता दर नव्या आवृत्तीला मी मार्केट यार्डात जाते
आणि मगदूमांच्या मशीनमध्ये
माझी ती ओळ पुन्हा ठोकून येते.
गेल्या मंगळवारी जायला उशीर झाला.
तोवर अकरा पावत्या बाहेर पडल्या होत्या.
"घेतली का गं त्यांनी?" दिवाणजींनी विचारलं.
"अजून नाही."
त्यांनी खिशातनं बॉलपेन काढलं.
टाकून दिलंच नव्हतं त्यांनी.